पंपाला पाच टक्के, तेलाला अठरा

२०२५-२६चा ऊस गाळप हंगाम १ नोव्हेंबरपासून. ईट, भूम, वाशी, पाटोदा पट्ट्यातले ट्रॅक्टर बार्शी-कुर्डुवाडी-पंढरपूर-सांगोला करत मिरज-कोल्हापूरकडे निघाले असतील, नाहीतर निघायच्या तयारीत असतील. त्या गडबडीतच ईटच्या काही वाहतूकदारांनी विचारलंय: जीएसटी कमी झाला म्हणता, मग ऑइलच्या कॅनचं बिल तेवढंच कसं?

तेवढंच, कारण ऑइलवरचा कर कमी झालेलाच नाही. २२ सप्टेंबर २०२५पासून ट्रॅक्टर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. त्याचे टायर-ट्यूब १८ वरून ५ वर, हायड्रॉलिक पंपही ५ वर. पण त्या पंपातून फिरणारं तेल १८ टक्क्यांत, इंजिनातलं १८ टक्क्यांत. म्हणजे सरकारच्या लेखी ट्रॅक्टर हे शेतीचं अवजार आणि त्यातलं तेल ही चैन! हायड्रॉलिक पंप आपण आयुष्यात कितीदा बदलतो? तेल मात्र हंगामात पुन्हा पुन्हा लागतं. ही यादी करणाऱ्यांनी एक रात्र कारखान्याच्या गव्हाणीसमोर नंबरला काढावी. उसाचे दोन ट्रेलर मागे लावून, इंजिन चालू ठेवून, दहा-दहा फूट पुढे सरकणाऱ्या ट्रॅक्टरचा अवरमीटर पाहावा. किलोमीटर शून्य, तास मात्र पळतायत. अनेक मॉडेलांना २५० तासांनी ऑइल बदल सांगितलाय. दिवसाचे सोळा तास धरले तर तो पंधरवड्यात येतो. पन्नास एचपीच्या इंजिनात साधारण ७-८ लिटर बसतं. वरचं टॉपअप वेगळं. आणि ज्याची जीएसटी नोंदणीच नाही, त्याला भरलेला कर कुठून वळता होणार? ऑइल लागतं तोवर तो खिशातूनच जायचा.

तरीही सगळा राग दिल्लीवर काढून चालणार नाही. आपल्यातले कित्येक जण मुकादमाची उचल, टोळीचा किराणा, नवा टेप एवढं सगळं बघतात आणि ऑइलचा अर्धा कॅन सीटमागे टाकून तीनशे किलोमीटर निघतात. सांगोल्याच्या पुढे डिपस्टिक खालच्या खुणेला टेकली की रस्त्यावर मिळेल ते सुटं, ड्रममधलं तेल ओततात. कारखान्यावर पोचल्यावर उधारीवर घेतात, आणि ते बिलातून किती कापलं गेलं हे हिशेब हातात पडल्यावर कळतं. त्यातही ऑइलमधल्या ब्रेकच्या ट्रॅक्टरला साधं ९० नंबर ओतणारे महाभाग आहेतच. मग ब्रेक किंचाळतात, उतारावर धरत नाहीत, आणि मागे वीसेक टन ऊस असतो.

घरूनच न्या. इंजिनाच्या एका पूर्ण बदलाचं सीलबंद ऑइल, वर टॉपअपला दोन लिटर, फिल्टर, ड्रेन बोल्टचा वॉशर, हायड्रॉलिकचा एक छोटा कॅन. ग्रेड पुस्तिकेत छापलाय तोच, शेजाऱ्याने सांगितलेला नव्हे. कॅन सायलेन्सरजवळ नको, ट्रेलरच्या दांडीला लोंबकळता तर मुळीच नको. डिपस्टिक सपाट जागी, इंजिन बंद करून दहा-पंधरा मिनिटांनी पाहा. वरच्या खुणेच्या पुढे भरलेलं तेल फेस धरतं आणि सील फोडतं. रिकाम्या कॅनला बुडाशी भोक पाडूनच भंगारात द्या. तुमच्याच कॅनमध्ये भरलेलं बनावट तेल पुढच्या हंगामात तुमच्याच पोरांना विकलं जातं.

आता कामाचं बोलू. ऑइल खरेदीचं पक्कं बिल मागा. दुकानदार कुरकुरेल, करू द्या. या हंगामातल्या बिलांच्या प्रती, सोबत ट्रॅक्टरचा नंबर आणि अवरमीटरचा आकडा, आमच्या पत्त्यावर पाठवा. टोळीत पाच ट्रॅक्टर असतील तर पाचही जणांची पाठवा. राज्याच्या अर्थखात्यामार्फत जीएसटी परिषदेकडे मागणी न्यायची तर नुसतं निवेदन टेबलावर पडून राहतं, बिलांचा गठ्ठा उघडून बघावा लागतो. मागच्या वेळी टोल-रिफ्लेक्टरच्या प्रश्नावर सह्या मागितल्या तेव्हा निम्मे तालुके झोपले होते. यंदा ईटकरांनी सुरुवात केलीय. बाकीच्यांनी आपल्या तालुक्याचा गठ्ठा डिसेंबरअखेर पोचता करावा.