न दिसलेल्याचा हिशेब

आपल्या जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अधिकृतपणे अहिल्यानगर झाले. बोललेले ऐकून लिहिणाऱ्या, पण त्याआधीच्या मजकुरावर घडवलेले लँग्वेज मॉडेल वापरणाऱ्या यंत्रणेपुढे आज कुणी स्वच्छ आवाजात ‘अहिल्यानगरहून कांदा आलाय’ म्हटले, तर पडद्यावर भलतेच काही उमटण्याची शक्यता मोठी. दोष ध्वनी ओळखणाऱ्या भागाचा नसतो. पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज बांधणाऱ्या भागाने हे नाव कधी पाहिलेलेच नसते आणि न पाहिलेल्याला तो शून्य किंवा शून्याजवळची संभाव्यता देऊन टाकतो. मराठीत हे दुखणे आणखी मोठे. घोडेगाव, घोडेगावला, घोडेगावातल्या, घोडेगावापर्यंत ही यंत्राच्या लेखी चार निराळी रूपे, आणि त्यांतले एखादेच मजकुरात आलेले असते. हल्ली शब्दांचे तुकडे पाडून हा प्रश्न सौम्य करतात. तो मिटत मात्र नाही.

यावरचा जुना तोडगा प्रत्येकाने एकदा कागदावर करून पाहावा असा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ॲलन ट्युरिंगला सुचलेली आणि आय. जे. गुड यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेली ही रीत. एकदाच दिसलेल्या गोष्टी मोजायच्या. समजा, १०,००० शब्दांच्या मजकुरात ६०० शब्द एकेकदाच आले, तर पुढचा शब्द अगदी नवा असण्याची शक्यता सुमारे सहा टक्के. तेवढा वाटा न दिसलेल्या शब्दांसाठी आधीच राखून ठेवायचा. आयबीएममधल्या काट्झ यांनी १९८७ मध्ये हीच रीत स्पीच रेकग्निशनच्या लँग्वेज मॉडेलसाठी वापरली.

विमानाच्या सांगाड्यालाही हेच गणित लागू पडते. तपासणीच्या नोंदवहीत तड्यांच्या २०० नोंदी आहेत आणि १४ जागा अशा आहेत की तिथे तडा एकदाच सापडला, असे धरा. मग पुढचा तडा आजवर नोंद नसलेल्या जागी निघण्याची शक्यता सात टक्के. तपासनिसाच्या हातातल्या यादीत फक्त जुन्याच जागा असतील, तर त्या सात टक्क्यांकडे कुणीच पाहत नाही. जवळचेच उदाहरण घ्या. आपल्या गावच्या व्हीआरडीई या लष्करी वाहनांच्या संशोधन संस्थेने बंगळुरूच्या एनएएल आणि एडीई या विमान-संशोधन संस्थांसोबत ‘निशांत’ या मानवरहित विमानासाठी वँकेल इंजिन विकसित केले. २००९ च्या मार्चमध्ये कोलारजवळ त्या इंजिनावर निशांतने उड्डाण केले. संख्येने मोजक्या असलेल्या अशा यंत्रांत बिघाडाचे दाखले मुळातच थोडे असतात. तिथे ‘असे आजवर झालेले नाही’ हे वाक्य सर्वांत कमी भरवशाचे.

पण गुड-ट्युरिंगच्या या हिशेबाला एक अट आहे, आणि आमच्या मते खरी मेख तिथेच आहे. हातातला नमुना प्रत्यक्ष वापरासारखा असला पाहिजे. ब्रिटनच्या कॉमेट या प्रवासी विमानाच्या बाबतीत ही अट मोडली. चाचणीतल्या त्याच्या धडाने दाबाची सुमारे १६,००० आवर्तने सोसली होती; एका उड्डाणाला एक आवर्तन धरायचे. प्रत्यक्षात १० जानेवारी १९५४ रोजी एल्बा बेटाजवळ कोसळलेल्या विमानाची १,२९० उड्डाणेच झाली होती. पुढे फार्नबरोला पाण्याच्या टाकीत वापरातले एक विमान तपासले, तेव्हा ते आधीच्या उड्डाणांसकट सुमारे ३,००० आवर्तनांत फाटले. एवढी तफावत कशी? चाचणीतला तो भाग आधी नेहमीच्या दुप्पट दाबाने तपासला गेला होता. त्या दाबाखाली खिडक्यांच्या कोपऱ्यांजवळचा धातू किंचित ताणला जाऊन कायमचा बदलला, दाब उतरल्यावर तिथे कॉम्प्रेसिव्ह स्ट्रेस उरला आणि तडा वाढायला वेळ लागला. म्हणजे मजबुतीची खात्री करणाऱ्या चाचणीनेच तो नमुना इतर विमानांपेक्षा वेगळा करून ठेवला होता. आकडे खोटे नव्हते. ते दुसऱ्याच वस्तूचे होते.

आता पुन्हा आवाजाकडे. बंद स्टुडिओत वाचून घेतलेल्या प्रमाण मराठीवर शिकवलेली यंत्रणा आपल्याच जिल्ह्यातल्या नेवाशाच्या किंवा पाथर्डीच्या माणसापुढे ठेवली, की तीच गत होते. शेतमालाचे भाव फोनवर बोलून विचारता यावेत म्हणून टीआयएफआर आणि आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी मराठी यंत्रणा उभारली, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांचे आवाज फोनवरच, भोवतीच्या गोंगाटासकट घेतले. काम किचकट आहे, वेळखाऊ आहे, आणि रस्ता तोच बरोबर आहे.

आमच्याकडे येणाऱ्या लेखांत ‘९५ टक्के अचूकता’ असा एकच आकडा असतो. पुढच्या अंकापासून तो एकटा छापला जाणार नाही. लेख आवाजाचा असो वा तड्यांचा, एकदाच दिसलेल्या नोंदी किती आणि नमुना कुठून, कोणत्या परिस्थितीत घेतला, हे दोन्ही लेखकाने शेजारी लिहावे. ज्यांच्याकडे कारखान्यातल्या किंवा हँगरमधल्या जुन्या नोंदवह्या पडून आहेत, त्यांनी त्या रद्दीत घालू नयेत. त्यांतल्या एकदाच आलेल्या नोंदी आधी मोजाव्यात आणि निघालेला आकडा आम्हाला कळवावा.