खेळातला पूल, उजनीचे पाणी



ऑनलाइन खेळांमुळे मुलांना जीवघेण्या प्रवासाची चटक लागते, हे आपल्या पत्रलेखकाचे म्हणणे पटले नाही. बीजीएमआय या मोबाइल खेळाच्या एरँगल नकाशात लष्करी तळाच्या बेटाकडे जाणाऱ्या पुलांवर शत्रू दबा धरून बसतो. आमची पोरे तिथे आधी गाडी थांबवतात, एकमेकांना सावध करतात, पडलेल्या सोबत्याला उचलतात. वाट धोक्याची, म्हणूनच पोहोचण्याला किंमत येते आणि सोबतीची कदर कळते.

खरा धोका कोणी हौसेने पत्करत नाही. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात कळाशी आणि कुगाव या गावांदरम्यानची बोट वादळात उलटून ६ जण बुडाले. ती माणसे फक्त पलीकडे जायला पाणी ओलांडत होती. चिंता करायचीच, तर प्रत्येक बोटीत लाइफ जॅकेट आहे का, याची करा.

– एक वाचक, डाळज (ता. इंदापूर)