दुसरा घाणा

“पोरांना दुसरी संधी देणे म्हणजे आळसाला खतपाणी घालणे!” असे ठणकावून सांगणारे सद्गृहस्थ आमच्या मराठवाड्यात गावोगाव आहेत. या दिवाळीत त्यांनी जरा स्वयंपाकघरात डोकवावे. पहिल्या घाण्याची चकली सोऱ्यातूनच तुटू लागली, तर घरची माउली पीठ उकिरड्यावर फेकते काय? ती पाण्याचा हात लावून पीठ पुन्हा मळते आणि दुसरा घाणा काढते. तोच आपण मिटक्या मारीत खातो!

परीक्षा आता कागदावरून संगणकावर गेली; शाळेतल्या चाचण्याही मोबाईलवर होऊ लागल्या. चाचणी मुलाला पुन्हा देऊ द्यावी काय, असा प्रश्न निघाला की आम्हा शिक्षकांतच जुंपते. “मग परीक्षेचा धाक कसला उरला?” असे विचारतात. अहो, धाकाने मूल गप्प बसते, शिकत नाही. चूक कोठे झाली ते दाखवावे, नवे प्रश्न द्यावेत आणि पुन्हा बसवावे, यालाच शिकवणे म्हणतात. तेच प्रश्न पुन्हा दिले तर उत्तरे पाठ होतील, हे खरे. पण तो आळस प्रश्न काढणाऱ्याचा, मुलाचा नव्हे.

बरे, ही संधी काही नवलाची नाही. २०१५ साली दहावीच्या नापासांची फेरपरीक्षा त्याच वर्षी जुलैत झाली. २०१९ पासून संगणकावरची जेईई मेन वर्षातून एकाहून अधिक वेळा होते आणि त्यांतले चांगले गुण धरतात. म्हणून काही आभाळ कोसळले नाही.

खरी गोष्ट निराळीच आहे. दुसरी संधी आजही मिळते. फक्त ती विकत मिळते! ज्या लातूर पॅटर्नचा आपल्याला अभिमान, त्याचे मर्म काय? सराव परीक्षा, पुन्हा सराव परीक्षा, आणि प्रत्येकीनंतर चुकांची झडती. नांदेडच्या शिकवण्यांतही तेच. डॉक्टरकीची नीट वर्षातून एकदा होते. पण ती कितीदा द्यावी याला बंधन नाही, आणि २०२२ साली वयाची वरची मर्यादाही उठली. म्हणून तर ‘रिपीटर’ मुलांच्या तुकड्या भरतात. ज्याच्या वडिलांना आणखी एक वर्ष शिकवणीची फी आणि खोलीचे भाडे झेपते, त्याला दुसरी खेप आहे, तिसरीही आहे. कंधार किंवा औसा तालुक्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या लेकीला मात्र एकच. ती हुकली की घरात तिच्यासाठी स्थळांची बोलणी सुरू होतात.

आणि गंमत पाहा, आळसावर प्रवचन देणाऱ्या या सद्गृहस्थांचा मुलगा अनेकदा ‘रिपीटर’च्याच तुकडीत बसलेला असतो! तिथे तो आळस नसतो. तिथे ती ‘जिद्द’ असते.

माझे मागणे मोठे नाही. शाळेतल्या चाचणीला फी नाही, खोलीचे भाडे नाही. निदान तिथे तरी प्रत्येक मुलाला चूक समजावून पुन्हा बसू द्या. जेईईला दुसऱ्या खेपेचे शुल्क निराळे भरावे लागते. ज्याला ते परवडत नाही, त्याच्याकडून ते घेऊ नका. आपल्या मुलासाठी जी जिद्द, तीच दुसऱ्याच्या लेकीसाठी आळस कशी होते, याचे उत्तर सद्गृहस्थांनी फराळ करता करता जरूर शोधावे. पहिल्या खेपेला सापडले नाही, तर त्यांनाही दुसरी संधी आहे.