पाच मुलांची टक्केवारी

कोकणात अनेक गावांना जिल्हा परिषदेच्या दोन शाळा आहेत. वाडीत मराठी, मोहल्ल्यात उर्दू. निकाल लागला की तुलना सुरू. मराठी शाळेचे शंभर टक्के, उर्दूचे साठ. मग कोणी म्हणतो, मुसलमानांना शिक्षणाची आवडच नाही. कोणी म्हणतो, ती शाळा बंद करा. आणि मोहल्ल्यातले बुजुर्ग म्हणतात, आपल्या शाळेवर यांचा डोळा आहे. माझं भांडण तिघांशीही आहे, पण तिसऱ्यांशी जास्त. ते आपले आहेत.

आधी ते साठ टक्के बघू. वर्गात मुलं पाच असतील तर साठ टक्के म्हणजे तीन मुलं. त्यातलं एक आजारी पडलं की आकडा चाळीसवर येतो. अशा आकड्यावरून अख्ख्या समाजाचं प्रगतिपुस्तक लिहिणाऱ्यांनी आधी स्वतः टक्केवारी शिकावी. कोणी 'असर'चा अहवाल पुढे करतो. 'प्रथम' संस्थेचं ते सर्वेक्षण एका जिल्ह्यातली 30 गावं आणि गावातली 20 घरं घेतं. त्यातून जिल्ह्याचं चित्र कळतं, एका गावातल्या दोन शाळांची कुस्ती लावता येत नाही.

शिक्षकांचा हिशेब तर कोणी मांडतच नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक शाळेत 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत. एक पद रिकामं राहिलं की उरलेला एकटा माणूस पहिली ते चौथी शिकवतो, खिचडीचा हिशेब ठेवतो आणि ऑनलाइन माहितीही भरतो. मराठी शाळेत शिक्षक कमी पडला तर शेजारच्या गावातून कोणाला तरी कामगिरीवर पाठवता येतं. उर्दूचा शिक्षक शेजारच्या गावात असेलच असं नाही.

पण हे सगळं खरं असलं तरी चौथीतल्या मुलीला दुसरीचा धडा वाचता येत नसेल, तर 'आपल्यावर अन्याय होतो' म्हणून तिला वाचता येणार नाही. उर्दू आपली मातृभाषा, असं सभेत ठणकावून सांगतो आपण. घरात मूल कोकणी बोलतं! त्याला उर्दूही शाळेतच शिकावी लागते, ही अडचण मान्य करायला एवढी लाज का? तुलना नको म्हणणाऱ्यांची स्वतःची मुलं बहुतेक वेळा तालुक्याच्या इंग्रजी शाळेत असतात, हे जाता जाता.

मला तुलना हवी आहे, पण ती आपण करावी. बालभारतीची पुस्तकं मराठीतही आहेत, उर्दूतही. दोन्ही शाळांतल्या प्रत्येक मुलाकडून जूनमध्ये दुसरीच्या पुस्तकातलं एक पान वाचून घ्या, हातच्याची एक वजाबाकी करून घ्या. मार्चमध्ये पुन्हा तेच. जूनची सलमा आणि मार्चची सलमा, एवढीच तुलना पाच मुलांच्या वर्गात खरी ठरते. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असं कायदाच सांगतो. मी पाहिलेल्या समित्यांमध्ये मात्र रजिस्टर घरोघर फिरतं आणि आमच्या आया-बहिणी चुलीजवळून उठून सही करतात. ती सभा खरोखर भरू द्या. तिथे ही यादी वाचा आणि ठराव करून गटशिक्षणाधिकाऱ्यांना विचारा, दुसरं पद कोणत्या तारखेपासून रिकामं आहे? वाडीतल्या पालकांनाही बोलवा. त्यांच्या शाळेतही पट घसरतोच आहे.