पब्लिक क्लाउड की प्रायव्हेट? आधी चावी कुणाकडे आहे ते विचारा

सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्याव्या लागतात. पतसंस्था असो, अर्बन बँक असो, नाहीतर विकास सोसायटी. अहवालाचं पुस्तक हातात पडतं, आपण लाभांशाचं पान उघडतो, "मंजूर, मंजूर" म्हणतो आणि जेवायला बसतो.

यावेळी एक प्रश्न जास्तीचा विचारा. आपल्या संस्थेचा डेटा ठेवलाय कुठे?

तुम्ही म्हणाल, केळीचा भाव आणि पीक विमा सोडून भाऊला हे काय सुचलं! पण विचार करा. पूर्वी तुमची ठेव जाडजूड खतावणीत लिहिलेली असायची. आता ती एका सॉफ्टवेअरमध्ये आहे. पावती तुमच्या कपाटात, पण खरा हिशोब मशीनमध्ये. ते मशीन कुठलं, कुणाचं, बंद पडलं तर काय, हे सभासदाला माहीत नसतं. बऱ्याच ठिकाणी संचालकांनाही नसतं. व्हेंडर सांगतो, "साहेब, क्लाउडवर टाकलंय, टेन्शन घेऊ नका." की झालं समाधान.

क्लाउड म्हणजे ढगात काही नसतं. दुसऱ्याच्या इमारतीतले कॉम्प्युटर, भाड्याने घेतलेले. अॅमेझॉन, मायक्रोसॉफ्ट, गुगल यांच्या मोठ्या यंत्रणेत हजारो गिऱ्हाइकांबरोबर जागा घेतली तर पब्लिक क्लाउड. आपल्या एकट्यासाठी वेगळी यंत्रणा राखून ठेवली, स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जागेत, तर प्रायव्हेट क्लाउड. बँकाबँकांनी मिळून वापरायचा तो कम्युनिटी क्लाउड. आपल्या नाशिकची ईएसडीएस कंपनी बँकांना असा क्लाउड देते, म्हणजे हे सगळं काही अमेरिकेतच घडतंय असं नाही.

आपल्या भाषेत सांगतो. केळीचा व्यापारी स्वतःचं रायपनिंग चेंबर बांधतो, किंवा दुसऱ्याच्या चेंबरमध्ये भाड्याने माल लावतो. वर्षभर सारखा माल असेल तर स्वतःचं परवडतं. चार महिने गर्दी आणि बाकी थंडा कारभार असेल तर भाड्याचं बरं. कॉम्प्युटरचं गणित असंच आहे. रोजचा ठरलेला हिशोब एका जागी स्थिर चालतो. मोबाईल अॅप, ऑनलाईन भरणा, निकालाच्या दिवशीची वेबसाईट यांचा भार कमीजास्त होतो. अमेरिकेतल्या ३७सिग्नल्स या सॉफ्टवेअर कंपनीचं क्लाउडचं बिल २०२२ साली ३२ लाख डॉलर झालं. काम स्थिर होतं, म्हणून त्यांनी स्वतःचे सर्व्हर घेतले आणि पब्लिक क्लाउडमधून बाहेर पडले. उलट महाराष्ट्र सरकारने जानेवारी २०१८ मध्ये पब्लिक क्लाउडचं धोरण आणलं आणि खात्यांना तिकडे जायला सांगितलं. दोघंही आपापल्या जागी चूक नाहीत.

आता सुरक्षिततेचं बघू. "आपलं ते आपल्या ताब्यात" हे ऐकायला छान वाटतं. पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं ऑगस्ट २०१८ चं प्रकरण आठवा. भामटे बँकेच्या एटीएम यंत्रणेत घुसले आणि दोन दिवसांत ९४ कोटी रुपये गेले. २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. शंभर वर्षांपेक्षा जुनी बँक, तरीही हे झालं.

मग सगळं दुसऱ्यावर सोपवावं? ३१ जुलै २०२४ ला सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. ही कंपनी टीसीएस आणि स्टेट बँकेची. लहान सहकारी आणि ग्रामीण बँकांना ती सेवा पुरवते. एनपीसीआयने तिला पेमेंटच्या जाळ्यातून तात्पुरतं बाजूला काढलं आणि सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार अडकले. दुसऱ्या दिवशी सुरळीत झालं. त्या बँकांच्या स्वतःच्या यंत्रणेला धक्काही लागला नव्हता. शेजाऱ्याच्या घराला आग लागली आणि वीज आपली गेली, असा प्रकार.

तिसरं उदाहरण नायरा एनर्जीचं. गुजरातेत वाडीनारला यांची रिफायनरी, पेट्रोल पंप देशभर. जुलै २०२५ मध्ये युरोपियन युनियनने निर्बंध लावले आणि मायक्रोसॉफ्टने या कंपनीच्या सेवा बंद केल्या. कंपनी भारतातली, पैसे भरलेले, डेटा तिचाच, तरी दार बंद! दिल्ली हायकोर्टात जावं लागलं, मग सेवा पुन्हा सुरू झाली. आपल्या पतसंस्थेवर कुणी निर्बंध लावणार नाही हो, पण बिलाच्या वादात व्हेंडरने दार लावलं तर? हायकोर्टात जायची आपली ऐपत आहे का?

आणि सरकारी म्हणजे पक्कं, असंही नाही. दक्षिण कोरियात २६ सप्टेंबर २०२५ ला सरकारच्या स्वतःच्या डेटा सेंटरला आग लागली. ७०९ यंत्रणा थांबल्या. कर्मचाऱ्यांच्या फायलींचा ८५८ टेराबाईटचा साठा जळाला आणि त्याची दुसरी प्रत कुठेच नव्हती. याउलट ऑस्ट्रेलियातला युनिसुपर हा पेन्शन फंड बघा. मे २०२४ मध्ये गुगलकडच्या चुकीमुळे त्याचा प्रायव्हेट क्लाउडच पुसला गेला. पण एक प्रत दुसऱ्या कंपनीकडे होती. सहा लाखांवर सभासदांचे पैसे त्या प्रतीने वाचवले.

म्हणून मला वाटतं, पब्लिक की प्रायव्हेट हा दुसऱ्या नंबरचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न हा की चावी कुणाकडे आणि दुसरी प्रत कुठे.

तरी आपल्या भागापुरतं विचाराल तर माझं मत स्पष्ट आहे. ऑफिसच्या मागच्या खोलीत सर्व्हर ठेवून त्याला "आमचा प्रायव्हेट क्लाउड" म्हणू नका. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या घरात जातो, लाईट कधी जाईल सांगता येत नाही, आणि चोवीस तास लक्ष ठेवणारा जाणकार माणूस सावदा-फैजपूरला टिकत नाही, तो पुण्याला जातो. लहान संस्थेने भारतातला, बँकांसाठीचा कम्युनिटी क्लाउड घ्यावा, नाहीतर पब्लिक. मायक्रोसॉफ्टचं पुण्यात २०१५ पासून आणि अॅमेझॉनचं मुंबईत २०१६ पासून केंद्र आहेच. रिझर्व्ह बँकेनेही डिसेंबर २०२३ मध्ये वित्तीय क्षेत्रासाठी स्वतंत्र क्लाउड उभारण्याचं जाहीर केलं. पण सही करताना डोळे उघडे ठेवा.

सभेत हे विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या:

१. डेटा कोणत्या कंपनीकडे, कोणत्या शहरात आहे?
२. दुसरी प्रत वेगळ्या कंपनीकडे, वेगळ्या गावी आहे का?
३. ती प्रत लावून हिशोब पुन्हा सुरू करून बघितला का? शेवटचं कधी?
४. उद्या व्हेंडर बदलला तर डेटा किती दिवसांत, कोणत्या स्वरूपात आणि किती पैशांत परत मिळेल? करारात लिहिलंय का?
५. मुख्य पासवर्ड संस्थेच्या माणसाकडे आहे की फक्त व्हेंडरच्या पोराकडे?

काही चेअरमन म्हणतील, "हे टेक्निकल आहे, सभेचा विषय नाही." साफ चूक. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२३ च्या आउटसोर्सिंगच्या निर्देशात स्पष्ट आहे की काम बाहेर दिलं तरी जबाबदारी बँकेचीच राहते. ते निर्देश मोठ्या नागरी बँकांना लागू आहेत, लहान नागरी बँकांना नाहीत. पतसंस्था तर रिझर्व्ह बँकेच्या कक्षेतच येत नाहीत. म्हणजे जिथे गावातल्या म्हाताऱ्या माणसाची ठेव आहे, तिथेच विचारणारं कुणी नाही. मग विचारायचं कुणी? सभासदानेच ना!

जळगाव जिल्ह्याने ठेवी बुडाल्याचं दुःख भरपूर सोसलंय. तेव्हाही आपण अहवालातला लाभांशच बघत होतो.

तुमच्या संस्थेत काय उत्तर मिळालं ते कमेंटमध्ये लिहा. संस्थेचं नाव नाही लिहिलं तरी चालेल.