हक्कसोडपत्रावरची सही

वडिलांच्या निधनानंतर काही दिवसांतच बहिणींना दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात बोलावले जाते. हक्कसोडपत्र तयार असते. सही तेवढी राहिलेली असते. मोबदल्याचा उल्लेख त्यात बहुधा नसतो.

१९५६ चा हिंदू वारसा कायदा जैन कुटुंबांनाही लागू आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये, तोवर विवाह न झालेल्या कन्यांना वडिलोपार्जित मिळकतीत सहदायाद मानले. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने विवाहितांनाही तोच दर्जा दिला. हा हक्क जन्मसिद्ध असून २००५ मध्ये वडील हयात असणे आवश्यक नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला.

तरीही सही होते. कारण हिस्सा मागितल्यास माहेर तुटेल, ही भीती असते. भाऊ हिस्सा घेतो तेव्हा तो कर्ता ठरतो; बहीण मागते तेव्हा लोभी ठरते. घरातील पुरुषसत्ता अशी गोड शब्दांत नांदते. त्यागाला पूज्य मानणाऱ्या समाजाने हे ओळखावे, की स्वेच्छेने सोडले तरच तो त्याग होय. भीतीपोटी सोडणे ही वंचना आहे. कागद पुढे करण्यापूर्वी भावाने बहिणीला तिची इच्छा विचारावी आणि उत्तर ऐकण्याची तयारीही ठेवावी.