आसनाचा वर्ग आणि प्रवासाची गरज

सार्वजनिक संस्थांच्या अंदाजपत्रकात ‘प्रवास’ हे शीर्षक सहसा फार मोठे नसते. परंतु संस्थेचा कारभार कोणत्या वृत्तीने चालतो, हे त्या एका शीर्षकाखालील आकड्यांवरून जितके कळते, तितके इतर मोठ्या आकड्यांवरून कळत नाही. संयुक्त राष्ट्रसंघ आणि त्याच्याशी संलग्न संघटना यांच्या विमानप्रवासाचा प्रश्न वारंवार ऐरणीवर येतो, तो यामुळेच. या संघटनांचा पैसा हा सदस्य राष्ट्रांच्या वर्गणीचा, म्हणजे अखेर करदात्यांचा पैसा आहे. राष्ट्रसंघाच्या नियमित अंदाजपत्रकातील वर्गणीचा किमान वाटा ०.००१ टक्का असून तुवालू, किरिबाटी यांसारखी चिमुकली राष्ट्रे तो भरतात. अंदाजपत्रक साडेतीन अब्ज डॉलरचे धरले, तर ही रक्कम पस्तीस हजार डॉलर होते. दूरच्या प्रवासाच्या बिझनेस क्लासच्या परतीच्या तिकिटास सहा हजार डॉलर पडले असे मानले, तर सहा अधिकाऱ्यांच्या एकेका फेरीत एका स्वतंत्र राष्ट्राची वर्षाची वर्गणी संपते!

याबाबत नियम नाहीत, असे नव्हे. उलट नियमांचे जंगल आहे. आमसभेने २०१३ मध्ये ते अधिक कडक केले. सरळ प्रवास नऊ तासांचा किंवा त्याहून अधिक असेल, वा वाटेत विमान बदलावे लागून तो अकरा तासांवर जात असेल, तरच सामान्य अधिकाऱ्यास बिझनेस क्लास मिळावा, असे ठरले. तिकीट सोळा दिवस आधी काढावे, असा दंडकही घालण्यात आला. रजेवर मायदेशी जाणाऱ्यांना मिळणारी ठोक रक्कम भाड्याच्या ७५ टक्क्यांवरून ७० टक्क्यांवर आणली गेली. नऊ तासांच्या अटीमागे तर्क आहे. रात्रभर अवघडून बसलेल्या माणसाकडून दुसऱ्या दिवशी सकाळी युद्धबंदीच्या मसुद्यावर सावधपणे वाटाघाटी करण्याची अपेक्षा धरता येत नाही. तेव्हा अधिकाऱ्यांना पाय पसरायला जागा मिळते म्हणून आकांडतांडव करण्यात अर्थ नाही.

खरी उणीव निराळीच आहे. हे सारे नियम तास मोजतात, पद पाहतात आणि वर्ग ठरवितात; पण हा प्रवास मुळात हवा कशाला, हा पहिला प्रश्न त्यांच्या कक्षेत नीट येतच नाही. आला, तरी त्याचे उत्तर बहुधा प्रवास करणारा किंवा त्याच्याच हाताखालचा खातेप्रमुख देतो.

याचे ठळक उदाहरण नैरोबीत मुख्यालय असलेल्या राष्ट्रसंघाच्या पर्यावरण कार्यक्रमाचे आहे. त्याचे कार्यकारी संचालक एरिक सोल्हाइम यांच्या प्रवासाची राष्ट्रसंघाच्याच अंतर्गत यंत्रणेने तपासणी केली. तेव्हा २२ महिन्यांत त्यांच्या प्रवासावर ४,८८,५१८ डॉलर खर्च झाल्याचे आणि ६६८ दिवसांपैकी ५२९ दिवस ते मुख्यालयाबाहेर असल्याचे दिसून आले. काही देशांनी या संस्थेचा निधी रोखला आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये सोल्हाइम यांना पायउतार व्हावे लागले. जेथे चूक दाखवून देण्यात आली तेथे आपण पैसे परत केले, असे त्यांचे म्हणणे होते. पण परतफेडीने प्रश्न मिटत नाही. बिझनेस क्लासच्या एका आसनामागे हवेत जाणारा कर्बवायू साध्या आसनाच्या सुमारे तिप्पट असतो. जगाने तो कमी करावा, असा उपदेश करणाऱ्या संस्थेचा प्रमुखच सतत आकाशात असेल, तर त्या उपदेशाला कोण किंमत देणार?

दुसरे उदाहरण मात्र घाईने निकाल देणाऱ्यांना सावध करणारे आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रवासावर वर्षाला सुमारे वीस कोटी डॉलर खर्च करते आणि एड्स व यकृतदाह, हिवताप आणि क्षयरोग यांवर मिळून होणारा तिचा खर्च याहून कमी आहे, असे वृत्त २०१७ मध्ये एका वृत्तसंस्थेने दिले. जगभर गहजब झाला. त्यावर संघटनेने सांगितले की, यातील निम्म्याहून अधिक खर्च बाहेरच्या तज्ज्ञांना गरजू देशांत पाठविण्यावर होतो. हे उत्तर उडवून लावण्यासारखे नाही. २०१४ ते २०१६ या काळात पश्चिम आफ्रिकेत इबोलाची साथ थैमान घालीत असताना गिनीत किंवा लायबेरियात उतरणारा साथरोगतज्ज्ञ आणि एखाद्या परिसंवादाच्या उद्घाटनास जाणारा संचालक, या दोघांचीही तिकिटे ‘प्रवास’ याच शीर्षकाखाली पडतात. पहिल्याचा प्रवास हेच संघटनेचे काम आहे. दुसऱ्याचा प्रवास बहुधा त्या कामाची केवळ शोभा असते. दोहोंना एकाच मापाने मोजणारी काटकसर आंधळीच ठरणार.

आणि आंधळ्या काटकसरीचा वरवंटा कोणावर फिरतो, हे सांगायला नको. ऑक्टोबर २०१९ मध्ये वर्गण्या थकल्यामुळे राष्ट्रसंघाच्या तिजोरीत खडखडाट झाला, तेव्हा सरचिटणीस गुटेरेस यांनी अत्यावश्यक कामांपुरताच प्रवास करण्याचा आदेश दिला. पण अत्यावश्यक कशास म्हणावे, हे वरिष्ठांनीच ठरवायचे असले की, खालच्यांचा प्रवास सर्वांत आधी अनावश्यक ठरतो. पुढच्याच वर्षी महामारीने सर्वांनाच घरी बसविले. मे २०२० मध्ये जागतिक आरोग्य सभा आणि सप्टेंबरमध्ये आमसभेतील राष्ट्रप्रमुखांची भाषणे पडद्यावर पार पडली. पुष्कळ बैठका विमानावाचून होऊ शकतात, हे त्यातून सिद्ध झाले, हे मान्यच केले पाहिजे. मात्र न्यूयॉर्कमध्ये सकाळी नऊला बैठक सुरू होते, तेव्हा फिजीची राजधानी सुवा येथे मध्यरात्र उलटून गेलेली असते. मसुद्यातील शब्दांची घासाघीस मोठ्या राष्ट्रांचे मुत्सद्दी सभागृहाबाहेरच्या मार्गिकांत करतात. तेथे ज्याचा माणूस हजर नाही, त्याचा शब्दही मसुद्यात नसतो. म्हणून गरीब राष्ट्रांच्या प्रतिनिधींची तिकिटे कापून केलेली बचत ही बचत नव्हे. ती अन्यायाची नवी तरतूद होय.

भारतालाही असा अनुभव आहे. सप्टेंबर २००९ मध्ये केंद्रीय मंत्र्यांनी साध्या वर्गाने प्रवास करावा, अशी मोहीम निघाली. चर्चा रंगली ती आसनांच्या वर्गाविषयीच. दौरे किती आणि कशासाठी, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

उपाय अवघड नाहीत. इच्छा अवघड आहे. प्रवास आवश्यक आहे की नाही, याचा निर्णय प्रवाशाहून वेगळ्या आणि त्याच्या अधीन नसलेल्या व्यक्तीने घ्यावा. क्षेत्रावरील सेवेचा प्रवास आणि सभा-संमेलनांचा प्रवास यांचे हिशेब वेगळे मांडावेत आणि कात्री प्रथम दुसऱ्यास लावावी. प्रत्येक वरिष्ठ अधिकाऱ्याचे दौरे, त्यांचा खर्च आणि त्यांतून निष्पन्न झालेले काम दरवर्षी नावानिशी प्रसिद्ध व्हावे. पहिला वर्ग सर्वांसाठीच बंद करावा, ही राष्ट्रसंघाच्या संयुक्त तपासणी पथकाने २०१७ मध्ये केलेली शिफारस तर कोणतीही सबब न सांगता अमलात यावी.

तालुक्याच्या गावी प्रशिक्षणाला जाणारा शिक्षक एस. टी.चे तिकीट जपून ठेवतो आणि प्रवासभत्त्याच्या बिलास जोडतो. त्यात पाच रुपयांचा फरक पडला, तर बिल परत येते. जगाच्या वर्गणीवर प्रवास करणाऱ्यांनी याहून कमी हिशेब द्यावा, असे कोणतेही तत्त्वज्ञान सांगत नाही. आसन रुंद असावे की अरुंद, हा वाद दुय्यम आहे. ते आसन रिकामे राहिले असते, तर जगाचे काही बिघडले असते काय, याचे उत्तर ज्याला देता येते, त्याचेच तिकीट जगाने काढावे.